वाळूची विद्या

गोष्ट २०२१ सालातील आहे. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनी दसऱ्याच्या मुहूर्तावर दारात यावी म्हणून एक मोटारगाडी नोंदविली होती. दसरा गेला, दिवाळी गेली, तुळशीचे लग्न लागले, शिमगाही जवळ आला; गाडीचा पत्ता नाही. विक्रेत्याकडे चौकशी करावी, तर दर खेपेस एकच उत्तर मिळे, "गाडी तयार आहे हो, पण चिप नाही!" ही हकिकत आम्ही वर्गात बोलण्याच्या ओघात सांगितली, तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, चिप म्हणजे बटाट्याची का?" सारा वर्ग हसला आणि आम्हीही त्यात सामील झालो. परंतु हसणे ओसरल्यावर त्याच विद्यार्थ्याने दुसरा प्रश्न केला, "नखाएवढी वस्तू नसली म्हणून एवढी मोठी गाडी अडावी कशी?"

या दुसऱ्या प्रश्नाला आम्हांस नीट उत्तर देता आले नाही. आम्ही कलाशाखेचे पदवीधर; व्याकरण आणि इतिहास शिकविण्यात आमची वर्षे गेली. तथापि प्रश्न मनातून जाईना. विज्ञान शिकविणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांना विचारून आणि जमेल तसे वाचून त्या विद्यार्थ्याचे देणे आज या लेखाच्या रूपाने आम्ही फेडीत आहोत.

प्रथम नाव समजून घेऊ. तांब्याच्या तारेतून वीज सुखाने वाहते, म्हणून तांबे हे वाहक. काच अथवा रबर यांतून ती वाहत नाही, म्हणून ते रोधक. या दोहोंच्या मध्ये सिलिकॉन, जर्मेनियम यांसारखे काही पदार्थ आहेत. त्यांना अर्धवाहक म्हणतात. त्यांचा थोर गुण असा की, त्यांचे वाहकत्व आपल्याला हवे तसे घडविता येते. शुद्ध सिलिकॉनमध्ये फॉस्फरस किंवा बोरॉन यांचे अत्यल्प अणू मिसळले, म्हणजे त्याचा स्वभावच पालटतो. पातेलेभर दुधाला विरजणाचा एक थेंब पुरतो ना? तसाच हा प्रकार. फॉस्फरसचे विरजण लावले तर वीज वाहण्यास मोकळे इलेक्ट्रॉन मिळतात, बोरॉनचे लावले तर इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागा मिळतात. असे दोन स्वभावांचे भाग शेजारी शेजारी ठेवून जी विजेची कळ तयार होते, तिचे नाव ट्रान्झिस्टर.

ज्यांनी कुळागर पाहिले आहे त्यांना ही कळ समजावयास कठीण नाही. पाटाचे पाणी वाहत असते. शिंपणारा मनुष्य मातीचे एक ढेकूळ टाकतो, एक काढतो, आणि तेवढ्या श्रमाने पाण्याचा सारा लोट या पोफळीकडून त्या पोफळीकडे वळतो. अल्प बळाने मोठ्या प्रवाहाचे नियंत्रण करावयाचे, हेच ट्रान्झिस्टरचेही काम. त्याच्या दारावर किंचित विद्युतदाब दिला की प्रवाह सुरू, काढला की बंद. 'सुरू' म्हणजे १ आणि 'बंद' म्हणजे ०. गणकयंत्राचे सारे गणित, तुमच्या मोबाईलवरील सारी चित्रे आणि गाणी या दोनच अंकांच्या मांडणीने चालतात. मोटारीतही आज इंजिनात इंधन किती जावे, ब्रेक किती लागावा, अपघातप्रसंगी हवेची पिशवी केव्हा फुगावी, हे अशा कळाच ठरवितात. आता गाडी का अडली याचा अर्धा उलगडा झाला.

ट्रान्झिस्टरचा जन्म डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत झाला. जॉन बार्डीन, वॉल्टर ब्रॅटन आणि विल्यम शॉकली या तिघांना त्याबद्दल १९५६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आरंभी एकेक ट्रान्झिस्टर सुटा असे व तारांनी जोडावा लागे. १९५८ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीतील जॅक किल्बी याने एकाच तुकड्यावर विद्युतमंडलाचे अनेक घटक एकत्र बनवून दाखविले. पुढच्याच वर्षी फेअरचाइल्ड कंपनीतील रॉबर्ट नॉइस याने सिलिकॉनवर अशा घटकांची जोडणीही छापून काढण्याची व्यवहार्य रीत मांडली. ते तारांचे जंजाळ गेले आणि उरला तो एक अखंड, सपाट तुकडा. तीच ही चिप.

आता ती बनते कशी ते पाहू, कारण या उद्योगापुढील बहुतेक अडचणींचे मूळ तिच्या घडणीतच आहे. सिलिकॉन वाळूत व गारगोटीत ऑक्सिजनशी संयोग पावून बसलेले असते. पृथ्वीच्या कवचात ऑक्सिजनच्या खालोखाल विपुल असे हेच मूलद्रव्य. स्वच्छ गारगोटी कोळशासह विजेच्या भट्टीत तापवून सिलिकॉन वेगळे काढतात. परंतु ते चिपच्या उपयोगाचे नसते. त्याचे एक द्रवरूप संयुग बनवून, त्याचे वारंवार ऊर्ध्वपातन करून, पुन्हा त्यातून सिलिकॉन मिळवितात. शंभर कोटी अणूंमध्ये एखादाच अणू परका असावा, इतकी ही शुद्धता असते. देवघरातील सोवळेसुद्धा याच्यापुढे फिके पडावे!

हे शुद्ध सिलिकॉन सुमारे १४१४ अंश सेल्सिअसला वितळते. त्या रसात एक लहानसा स्फटिक बुडवून तो गोल फिरवीत अतिशय सावकाश वर ओढतात, आणि रस त्या स्फटिकाला चिकटून, अणूमागून अणू शिस्तीने रचला जाऊन, एक लांब दंडगोल तयार होतो. ही रीत पोलंडचे शास्त्रज्ञ यान चोखराल्स्की यांची. १९१६ साली लिहिता लिहिता त्यांनी टाक चुकून दौतीऐवजी वितळलेल्या कथिलाच्या भांड्यात बुडविला आणि टाकाच्या टोकाशी धातूचा बारीक स्फटिकधागा लोंबताना त्यांना दिसला, अशी आख्यायिका आहे. दंडगोलाच्या पातळ चकत्या कापून त्यांना आरशासारखी झिलई देतात. आज मोठ्या कारखान्यांत वापरली जाणारी चकती ३०० मिलिमीटर व्यासाची, म्हणजे जेवणाच्या ताटाएवढी असते. जाडी एक मिलिमीटरहूनही कमी.

या चकतीवर ट्रान्झिस्टर छापावयाचे. 'छापावयाचे' हा शब्द आम्ही अलंकार म्हणून वापरीत नाही. या क्रियेचे नावच लिथोग्राफी, आणि लिथोग्राफी म्हणजे आपली शिळाछाप. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी पोथ्या आणि पंचांगे शिळाप्रेसवर छापली जात. तेथे दगडावरून कागदावर उमटे. येथे दगडाच्याच अर्कावर प्रकाशाने उमटवितात, एवढाच फरक. चकतीवर प्रकाशाने गुणधर्म बदलणारा एक लेप देतात. आकृती कोरलेल्या पट्टीतून अथवा पट्टीवरून प्रकाश पाडून ती आकृती भिंगांच्या साह्याने लहान करून लेपावर उमटवितात. मग नको तो लेप धुऊन, उघडा पडलेला भाग रसायनांनी अथवा विद्युतभारित वायूने कोरून, त्यात विरजणाचे अणू घालून किंवा धातूचा थर चढवून, पुन्हा नवा लेप, पुन्हा नवी आकृती. छिटाचे कापड छापताना तांबडा ठसा, मग हिरवा, मग पिवळा, असे एकावर एक ठसे अचूक बसवावे लागतात. एक ठसा सरकला की फुलाची पाकळी देठाला सोडून जाते. येथे असे डझनावारी थर असतात आणि ठसा सरकण्याची मुभा असते ती काही नॅनोमीटरची. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले म्हणजे त्यांतील एक भाग हा एक नॅनोमीटर. शेकडो पायऱ्यांची ही साखळी पूर्ण होण्यास सुमारे तीन महिने, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो.

बारीक रेघ काढावयाची तर बारीक टोकाची लेखणी हवी. येथे लेखणी म्हणजे प्रकाश. म्हणून प्रकाशाची तरंगलांबी जितकी कमी तितकी रेघ सूक्ष्म. पुष्कळ वर्षे १९३ नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील प्रकाशावर काम चालले. आता अत्यंत प्रगत चिपांसाठी १३.५ नॅनोमीटरचा प्रकाश वापरतात. हा प्रकाश निर्माण करणारी यंत्रे जगात एकच कंपनी बनविते. तिचे नाव एएसएमएल, आणि ती नेदरलँड्समधील वेल्डहोवेन या गावी आहे. यंत्राची करणी ऐकून कोणालाही पुराणातील कथा आठवावी. वितळलेल्या कथिलाचे सूक्ष्म थेंब सेकंदाला पन्नास हजार या गतीने टाकले जातात, प्रत्येक थेंबावर लेसर किरणाचा मारा होतो, थेंब सूर्याच्या पृष्ठभागाहून कित्येक पटींनी तप्त होतो आणि त्यातून तो प्रकाश बाहेर पडतो. हा प्रकाश हवेतही शोषला जातो, म्हणून सारे निर्वात पोकळीत चालवावे लागते. काचेतही शोषला जातो, म्हणून भिंगांऐवजी आरसे. हे आरसे जर्मनीची झाइस कंपनी घडविते. आरसा जर्मनी देशाएवढा मोठा झाला अशी कल्पना केली, तरी त्यावरील उंचवटा एक मिलिमीटर भरणार नाही, इतका तो गुळगुळीत असतो. अशा एका यंत्राची किंमत पंधरा कोटी डॉलरांहून अधिक; त्यापुढील नव्या पिढीच्या यंत्राची त्याच्या दुपटीहून जास्त.

एवढा खटाटोप कशासाठी? याचे उत्तर एका भाकितात आहे. १९६५ मध्ये गॉर्डन मूर या तज्ज्ञाने असे मांडले की, चिपवरील घटकांची संख्या दर वर्षाला दुप्पट होत जाईल. १९७५ मध्ये त्याने ही मुदत दोन वर्षांवर आणली. बुद्धिबळाच्या पटावरील गव्हाच्या दाण्यांची गोष्ट तुम्ही जाणताच. पहिल्या घरात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, आणि शेवटी राजाचे कोठार रिते. येथेही तेच घडले. १९७१ मध्ये इंटेल कंपनीने काढलेल्या ४००४ या चिपवर सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. दर दोन वर्षांनी दुप्पट, असे सव्वीस वेळा करून पाहा. २०२३ सालापर्यंत उत्तर सुमारे १५,४०० कोटी येते. प्रत्यक्षात २०२४ मध्ये एनव्हिडिया कंपनीने जाहीर केलेल्या ब्लॅकवेल चिपवर २०,८०० कोटी ट्रान्झिस्टर आहेत. मात्र ती दोन मोठे तुकडे जोडून केलेली आहे. अर्धशतकापूर्वीचे भाकित इतके खरे ठरावे, ही विस्मयाची गोष्ट होय. परंतु हा काही गुरुत्वाकर्षणासारखा निसर्गनियम नव्हे. ते या उद्योगाने स्वतःला घातलेले व्रत आहे, आणि ते पाळण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या हजारो माणसे झिजली आहेत.

आता हे व्रत अवघड होत चालले आहे. सिलिकॉनच्या दोन शेजारच्या अणूंमधील अंतर सुमारे पाव नॅनोमीटर असते. ट्रान्झिस्टरचे काही भाग आता इतके अरुंद झाले आहेत की त्यांची रुंदी अणूंच्या संख्येने मोजता यावी. इतक्या पातळ बांधातून पाणी झिरपते, तशी कळ बंद असतानाही वीज झिरपते आणि तिची उष्णता होते. २००५ सालच्या सुमारापर्यंत दर नव्या पिढीबरोबर चिपची गतीही वाढत असे. या उष्णतेपायी ती वाढ खुंटली, आणि एका वेगवान गणकाऐवजी एकाच चिपवर अनेक गणक बसविण्याची रीत पडली. झिरप थांबविण्यासाठी ट्रान्झिस्टरचे रूपही बदलले. पूर्वी तो सपाट असे. मग माशाच्या पराप्रमाणे उभा राहून तिन्ही बाजूंनी दाराच्या कह्यात आला. आता सूक्ष्म पत्र्यांच्या रूपाने तो चहूबाजूंनी वेढलेला असतो. वर्तमानपत्रांत '३ नॅनोमीटर', '२ नॅनोमीटर' असे शब्द येतात. ते आज केवळ पिढीचे नाव आहे. चिपवरील कोणत्याही रेघेचे ते माप नव्हे, हे वाचकांनी ध्यानी ठेवावे.

दुसरी अडचण धुळीची. ज्या सृष्टीत रेघा नॅनोमीटरच्या, तेथे धुळीचा कण हा डोंगरच होय. म्हणून कारखान्यातील हवा शस्त्रक्रियेच्या खोलीहूनही स्वच्छ ठेवतात आणि कामगार डोक्यापासून पायापर्यंत झाकलेले असतात. तरीही काही दोष राहतातच. अंगणात पापड वाळत घातले आणि चार ठिकाणी पक्ष्यांनी घाण केली, तर लहान लहान शंभर पापडांतले चारच टाकावे लागतील. पण तेवढ्याच पिठाचे पाच मोठे पापड केले असतील, तर कदाचित एकच हाती लागेल. चिपचेही तसेच आहे. ती जितकी मोठी तितकी वाया जाण्याची धास्ती अधिक. यास्तव आता एका मोठ्या चिपऐवजी निरनिराळ्या कामांचे लहान तुकडे वेगवेगळे बनवून, पारखून, चांगले तेवढे एका पाटावर जोडण्याची प्रथा वाढत आहे. त्यामुळे पूर्वी दुय्यम मानले जाणारे जोडणीचे व आवेष्टनाचे काम आज फार महत्त्वाचे झाले आहे. ही गोष्ट आपल्या देशाच्या दृष्टीने पुढे उपयोगी पडणार आहे.

तिसरी अडचण द्रव्याची. अगदी अलीकडच्या पद्धतीचा एक कारखाना उभारावयाचा तर दोन हजार कोटी डॉलरांच्या घरात खर्च येतो. या शतकाच्या आरंभी त्या वेळच्या सर्वांत प्रगत चिपा बनविणाऱ्या वीसहून अधिक कंपन्या होत्या. आज त्या शर्यतीत तीनच उरल्या आहेत: तैवानची टीएसएमसी, दक्षिण कोरियाची सॅमसंग आणि अमेरिकेची इंटेल. त्यांतही टीएसएमसीचा मान पहिला. तिचे संस्थापक मॉरिस चँग यांची कथा वयस्कर वाचकांनी अवश्य वाचावी. अमेरिकेत दीर्घकाळ नोकरी करून ते तैवानला गेले आणि १९८७ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी हा कारखाना काढला. त्यांची कल्पना साधी होती. आपण स्वतःच्या चिपा विकावयाच्याच नाहीत. इतरांनी रचना करून द्यावी, आपण फक्त छापून द्यावे. लेखक निराळा आणि छापखाना निराळा, असे झाल्यावर ज्यांच्याजवळ बुद्धी आहे पण कारखान्यापुरते भांडवल नाही, अशांना दार उघडले. आजच्या कित्येक नामांकित कंपन्यांचा स्वतःचा कारखानाच नाही.

परंतु या सोयीच्या पोटातच मोठा धोका वाढला. जगातील अत्यंत प्रगत चिपांपैकी सुमारे नव्वद टक्के चिपा महाराष्ट्राच्या अष्टमांशाहूनही लहान अशा एका बेटावर बनतात, असे मानले जाते. हे बेट भूकंपप्रवण आहे, वादळांच्या वाटेवर आहे, आणि त्यावर चीन आपला हक्क सांगतो. २०२१ मध्ये तेथे कित्येक दशकांत पडला नव्हता असा दुष्काळ पडला, तेव्हा चकत्या धुण्यासाठी लागणारे पाणी टँकरांनी आणावे लागले. ज्या कारखान्यांवर साऱ्या जगाचे गणित उभे, त्यांनी पाण्याच्या टँकरची वाट पाहावी!

इतर धागेही असेच बारीक आहेत. सिलिकॉन वितळविण्याच्या मुशींना अतिशुद्ध गारगोटी लागते. तिचा मोठा भाग अमेरिकेतील स्प्रूस पाइन या एका लहान गावाच्या परिसरातून येतो. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन वादळाच्या पुराने तेथील खाणी काही काळ बंद पडल्या. छापाईच्या लेसरला निऑन वायू लागतो. त्याच्या पुरवठ्यात युक्रेनमधील दोन कंपन्यांचा वाटा फार मोठा होता, आणि २०२२ मध्ये रशियाच्या आक्रमणानंतर त्या बंद पडल्या. प्रकाशाच्या लेपासाठी जग जपानी कंपन्यांवर अवलंबून आहे.

आता त्या गृहस्थांच्या गाडीकडे परत येऊ. २०२० मध्ये कोविडच्या साथीत गाड्यांची मागणी बसली, म्हणून मोटार कंपन्यांनी चिपांच्या मागण्या रद्द केल्या. त्याच वेळी लोक घरी बसून काम करू लागले, मुले घरून शिकू लागली. संगणक व फोन यांची मागणी भडकली आणि मोकळी झालेली जागा त्या चिपांनी घेतली. वर्षअखेरीस मोटार कंपन्या परत आल्या तेव्हा रांगेत त्यांचा नंबर शेवटचा होता. त्यातच फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमधील हिमवादळाने तेथील कारखान्यांची वीज गेली, आणि मार्चमध्ये जपानमधील नाका येथे रेनेसास कंपनीच्या कारखान्यास आग लागली. चिप तयार होण्यास महिने लागतात. भाकरीप्रमाणे ती मागाहून चटकन थापता येत नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, गाड्या अडल्या त्या बहुतांशी अत्याधुनिक चिपांपायी नव्हे. जुन्या पद्धतीच्या, स्वस्त आणि कोणाच्या गणतीत नसलेल्या चिपांपायी त्या अडल्या. विद्यार्थिमित्रा, तुझ्या प्रश्नाचे हे उत्तर.

या अनुभवाने राज्यकर्ते जागे झाले. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेने चिप उद्योगासाठी पाच हजार कोटी डॉलरांहून अधिक रकमेचा कायदा केला. २०२३ मध्ये युरोपीय संघानेही तसाच कायदा केला. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेने प्रगत चिपा व त्यांची यंत्रे चीनला विकण्यावर कडक निर्बंध घातले. चीनने २०२३ मध्ये गॅलियम आणि जर्मेनियम यांच्या निर्यातीवर नियंत्रण आणून उत्तर दिले. एके काळी राष्ट्रे तेलासाठी भांडत. आता चिपांसाठी एकमेकांची वाट अडवितात. शिवाय कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रांनी चिपांची भूक अफाट वाढविली आहे. २०२४ मध्ये जगात सुमारे ६२,७०० कोटी डॉलरांच्या चिपा विकल्या गेल्या. अशी यंत्रे ज्या भवनांत ठेवतात, त्या माहिती-केंद्रांना त्याच वर्षी जगातील विजेचा सुमारे दीड टक्का भाग लागला, आणि तो वाढतच आहे. वाळू मुबलक आहे; वीज आणि पाणी मुबलक नाहीत.

आपला देश यात कोठे आहे? पंजाबातील मोहाली येथे सरकारी सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्समध्ये १९८४ मध्येच चिपांचे उत्पादन सुरू झाले होते. तेव्हा जगाच्या आणि आपल्या मधले अंतर थोड्या वर्षांचे होते. फेब्रुवारी १९८९ मध्ये त्या कारखान्यास भीषण आग लागली. तो पुन्हा उभा राहण्यास कित्येक वर्षे गेली. ज्या क्षेत्रात दर दोन वर्षांनी पिढी बदलते, तेथे कित्येक वर्षे म्हणजे एक युग. दुसरीकडे १९८५ पासून परदेशी कंपन्यांनी बंगळूर येथे, आणि पुढे हैदराबाद व इतरत्र, चिपांच्या रचनेची कार्यालये उघडली. आज जगातील चिप-रचनाकारांपैकी सुमारे पाचवा हिस्सा भारतात आहे, असे सांगतात. लेखक आपल्याकडे पुष्कळ, छापखाना मात्र नाही, अशी ही विचित्र स्थिती.

ती पालटण्यासाठी डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने ७६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. गुजरातेत साणंद येथे मायक्रॉन कंपनीच्या चिपजोडणी व तपासणीच्या कारखान्याचे काम २०२३ मध्ये सुरू झाले. आसामात जागीरोड येथे टाटा समूहाने त्याच प्रकारचा कारखाना हाती घेतला. प्रत्यक्ष चकत्यांवर छापाई करणारा मोठा कारखाना टाटा समूह तैवानच्या पीएसएमसी कंपनीच्या साहाय्याने गुजरातेतील धोलेरा येथे उभारीत आहे. त्याची पायाभरणी मार्च २०२४ मध्ये झाली. तेथे २८ नॅनोमीटर आणि त्याहून जुन्या पिढ्यांच्या चिपा काढण्याचा बेत आहे. "एवढे मागचे का?" असे कोणी विचारील. त्याने वरील मोटारीची गोष्ट आठवावी. सप्टेंबर २०२५ मध्ये पंतप्रधानांना भेट दिलेली 'विक्रम' ही ३२ बिटांची चिप तर १८० नॅनोमीटरची आहे. ती मोहाली येथेच बनली. ज्या कारखान्यास आग लागली होती, तोच हा. अग्निबाणाच्या मार्गदर्शनासाठी ती घडविलेली असून अग्निबाणावर तिची चाचणीही झाली आहे. तिला सर्वांत सूक्ष्म असण्याची गरज नाही. कंप, उष्णता व थंडी सोसून न चुकण्याची गरज आहे.

हा सारा खटाटोप यशस्वी होईलच, असे ठाम सांगण्याचे धाडस आम्ही करणार नाही. कारखान्याच्या भिंती पैशाने उभ्या राहतात. एका चकतीवरील शंभर चिपांपैकी नव्वद चिपा चांगल्या निघाव्यात हे कौशल्य मात्र वर्षानुवर्षांच्या सवयीने येते, आणि ते उसने मिळत नाही. मोहालीच्या आगीनंतर हरवले ते केवळ यंत्र नव्हते. कामाची अखंडता हरवली होती.

शेवटी आमच्या मनातील एक गोष्ट सांगतो. आमच्या गोव्याने कित्येक दशके डोंगर फोडून लोहखनिज बार्जांत भरले आणि मांडवी-जुवारीतून परदेशी धाडले. त्यावर कित्येकांचे संसार चालले. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी थांबल्या, तेव्हा ट्रकवाल्यांची, बार्जवाल्यांची घरे कशी बसली, हे आमच्या विद्यार्थ्यांपैकी काहींनी स्वतःच्या चुलीपाशी पाहिले आहे. दगड विकण्यात दोष नाही. पण दगड एकदाच विकता येतो. जी वाळू आमच्या कोकणीत 'रेंव' म्हणून पायाखाली तुडविली जाते, तिच्या एका मुठीला बाजारात काडीचे मोल नाही. तिच्यातून चिप होते तेव्हा मोल येते ते शुद्धतेचे, अचूकपणाचे आणि शेकडो पायऱ्यांपैकी एकही न चुकविणाऱ्या हातांचे. ज्या देशांनी हे साधले त्यांच्याजवळ वाळू अधिक होती असे नाही; विद्या होती.

तुमच्यापैकी कोणी पुढे रसायनशास्त्र शिकेल, कोणी यंत्रे दुरुस्त करण्याचे शिक्षण घेईल. चिपांच्या कारखान्यास पाणी शुद्ध करणाराही लागतो आणि हवेचे पंखे सांभाळणाराही. मराठी शाळेत शिकलो म्हणून ही दारे आपल्याला बंद आहेत, असे कोणीही मनात आणू नये. फॉस्फरसला पाच आणि बोरॉनला तीन हात, हे मराठीतून समजले तरी ते तितकेच खरे असते. मागच्या बाकावरचा आमचा तो विद्यार्थी यंदा दहावी ओलांडून पुढे गेला आहे. त्याने विज्ञानशाखा घेतली, असे ऐकतो. त्याने पुढे आम्हांला प्रश्न विचारू नयेत. आम्ही त्याला विचारू, आणि त्याने आम्हांस समजावून सांगावे, एवढीच आमची इच्छा आहे.